दणका बंद पडला तेव्हा

मी, साधना किशोर खालकर, वय वर्षे त्रेसष्ट, व्यवसाय गोधड्या-सतरंज्या धुण्याची यंत्रे बनवणे, राहणार अशोकनगर, सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी फारसे चांगले सांगितलेले नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर दडपण आणणारा एकच इसम आहे आणि त्याचा उजवा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे. सगळे काही मुलाच्या नावे करणारे माझे आधीचे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

१. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. सासरहून मला एकच वस्तू मिळाली, ती म्हणजे सायखेड्याच्या घरातले बाभळीचे धोपटणे. सासूबाई त्याने गोदावरीवर गोधड्या धुवायच्या. माझे पती किशोर त्याने मला मारायचे. सातपूरला आम्ही चाळीत राहत होतो, भिंतीला भिंत लागून खोल्या. सगळ्यांना ऐकू जायचे, मग कोणी टीव्ही मोठा करायचे तर कोणी कुकर लावायचे. एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, शेजारची कौसर लाटणे घेऊन सरळ आत आली. किशोर तिच्या अंगावर धावला तेवढ्यात मी धोपटणे हिसकावले आणि त्याच्या मनगटावर घातले. हाड मोडल्याचा तो आवाज मला अजून आवडतो. हे वाक्य काढा असे वकीलसाहेब म्हणाले होते. मी काढणार नाही. किशोर नंतर ओझरला बहिणीकडे राहायला गेला आणि तिकडेच वारला.

२. बाजारातल्या वॉशिंग मशीनमध्ये गोधडी टाकली की ती पाणी पिऊन गोळा होते आणि मशीन गचके खात बंद पडते. मी कंपनीत मोटारी भरायचे, म्हणजे त्यांत तांब्याची तार गुंडाळायचे काम करत होते. त्या मोटारीवर मी लाकडी फळी बसवली, ती टाकीतल्या गोधडीवर वरून आपटते. यंत्राचे नाव ठेवले दणका, आणि नोकरी सोडून छोटा कारखाना काढला.

पहिला दणका इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये गेला. बाई भाजी आणायला गेल्या होत्या, नवरा दार लावून यंत्र चालवत होता. धपाधप आवाज ऐकून शेजाऱ्यांना वाटले, हा बायकोला मारतोय. त्यांनी दार फोडले आणि त्या गरीब माणसाला तोंड फुटेपर्यंत बदडले. यंत्र तिसऱ्या दिवशी परत आले. कारखान्यात सगळे पोट धरून हसत होते. मी घरी जाऊन रडले. म्हणजे लोक दार फोडू शकतात, हे मला तेव्हा कळले.

३. माझा मुलगा हर्षल इंजिनियर झाला आणि म्हणाला, “मम्मी, आवाजामुळे माल परत येतो. आपण सायलेंट मॉडेल काढू.” त्याने फळीला रबर लावले, टाकीला आतून फोम लावला, मोबाइलवरून चालू करायची सोय केली. दिसायला फार देखणे झाले. गोधडी मात्र मळकी ती मळकीच. रबर लावलेली फळी गोधडीला नुसती थोपटत होती, मळ काय निघणार! एका बाईने त्यात तांदूळ भरून ठेवल्याचे मी डोळ्यांनी पाहिले.

मग मी घरगुती गिऱ्हाइकाचा नाद सोडला. तोच जुना, बोंबलणारा दणका लॉजवाल्यांना, वसतिगृहांना, मंगल कार्यालयांना दाखवला. त्यांना स्वच्छ सतरंजी हवी होती, आवाजाशी देणेघेणे नव्हते. यंत्रात एक स्क्रूसुद्धा बदलला नाही, दाखवायची जागा बदलली, आणि धंदा उभा राहिला.

गोदामात पडून असलेली सायलेंटची सर्व यंत्रे मी हर्षलला देते. याखेरीज त्याला काहीही देत नाही. कारण पुढे लिहिले आहे.

४. माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर हर्षल आणि सून पूजा राहत होते. यंत्रांची चाचणी पूर्वी कारखान्यात व्हायची. ती घरी तळमजल्यावर आणायचा आग्रह हर्षलचा. “तुला दगदग नको मम्मी, बसल्या जागी बघत जा,” असे तो म्हणाला. पोराला माझी काळजी आहे, असे मी चार लोकांत सांगत फिरले. पूजा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ड्रेस घालू लागली. विचारले तर म्हणायची, “काही नाही मम्मी, तव्याचा चटका बसला.”

गेल्या महिन्यात चाचणी चालू असताना लाइट गेली. दणका बंद पडला. धपाधप चालूच राहिली.

मला वाटले, मोटार अजून फिरत असेल. टाकीवर हात ठेवला तर टाकी गप्प होती. आवाज माझ्या डोक्यावरून येत होता.

भिंतीवरचे धोपटणे काढून मी जिना चढले. दार आतून बंद होते. कडीच्या बाजूला धोपटण्याचे घाव घालून ते फोडले. पूजा मोरीत पडली होती, तिच्या तोंडात ओढणी कोंबलेली होती आणि कानामागून रक्त येत होते. हर्षलच्या हातात दणक्याची सुटी फळी होती, माझ्याच कारखान्यातली. तो म्हणाला, “तू खाली जा मम्मी. हा आमच्या घरातला विषय आहे.” घर माझ्या नावावर आहे. मी त्याच्या कोपरावर घातले. फळी पडली. तो ती उचलायला वाकला, म्हणून खांद्यावर घातले. तो जिन्यावरून पडला असे नातेवाइकांना सांगतो, ते साफ खोटे आहे.

पूजाने पोलिसांत तक्रार दिली आहे. हर्षल तिला फोन करून म्हणतो, “म्हातारी किती दिवस पुरणार? मग बघतो तुझ्याकडे.” हे सगळे कागद मी त्या वाक्यासाठी करते आहे.

५. माझे दुमजली घर, कारखाना, बँकेतली रक्कम आणि दणका हे नाव मी पूजाला एकटीच्या मालकीने देते. पुढे तिचा हर्षलशी काडीमोड होवो वा न होवो, यात फरक पडणार नाही. हर्षलला घरात राहण्याचा हक्क नाही. कुलपे मी बदलली आहेत. धोपटणेही पूजाचे. ते शोभेसाठी टांगू नये, हाताला येईल असे दाराजवळ ठेवावे.

६. कौसरला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. मी तिला विचारले, “मागची खोली घेतेस की सही करतेस?” ती म्हणाली, “खोली घेऊन काय करू गं? सही करते. तेव्हा पण मीच होते ना.”

७. मला अग्नी पूजाने द्यावा. हर्षलने यायचे तर यावे, पण खांदा देऊ नये. त्याचा खांदा अजून वर होत नाही, तिरडी एका बाजूला कलंडेल.

८. शेवटचे. चाचणी घरातून ताबडतोब हलवून कारखान्यात न्यावी. यंत्राबरोबर जे माहितीपत्रक जाते ते हर्षलने लिहिले होते. त्यातले पहिलेच वाक्य असे आहे: “यंत्राचा आवाज येणे सामान्य आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.” ते वाक्य काढून त्या जागी माझे वाक्य छापावे. विक्रीवाले कुरकुर करतील, त्यांचे ऐकू नये. वाक्य असे:

“यंत्र चालू असताना शेजारी धावत आले तर दार उघडा. त्यांना आत बोलवा, यंत्र दाखवा, चहा द्या, आणि आल्याबद्दल त्यांचे आभार माना.”

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

साधना किशोर खालकर

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:

१) कौसर रहेमान मणियार, राहणार सातपूर, पूर्वीच्या शेजारीण
२) गोटीराम सावळीराम गांगुर्डे, राहणार सातपूर, दणका कारखान्यातील फिटर

ठिकाण: सातपूर, नाशिक
दिनांक: ११ जुलै २०२५