न उगवलेला घट

२२ सप्टें., सोम.
घट बसवला. दरवर्षी सासूबाई पेरतात. यंदा त्यांचे हात थरथरतात, म्हणून मी. लाइट गेलेले. अंधारातच डबा उघडला, वाटीभर गहू मातीत टाकले, पाणी घातलं. आरती म्हटली, तोंडानं. आत काहीच हललं नाही.
यांच्या डोक्यात गाठ. वर्ध्याचे डॉक्टर म्हणतात, आठवडाभरात काढू, पण जिवाला धोका आहे. नाही काढली तर आधी नजर जाईल, मग हे. हे म्हणतात, "आई म्हणन तसं." आई म्हणतात, "देवी म्हणन तसं." मला कोणी विचारलं नाही. बरंच झालं.

२६, शुक्र.
घटात काही नाही. शेजारच्या काकूंचा बोटभर आलाय. आमचा बघून न बोलता गेल्या. काकू आणि गप्प! आमच्या सिंदी गावात नवलच.
सा.बाई: "देवी नाई म्हणून राह्यली, सुनंदा. माह्या लेकाचं डोकं फोडू द्याचं नाई."
घरचं किराणा दुकान उघडलं. तेल, साखर, साबण. रडू येत नाही. यायला हवं ना?

२८, रवि.
यांना सातू खावंसं वाटलं. सातूसाठी भाजून ठेवलेल्या गव्हाचा डबा काढला. पेरायची पितळी वाटी त्यातच.
भाजलेले गहू पेरले मी. ते काय उगवणार!
सा.बाई उद्या डॉक्टरांना "ऑपरेशन नको" म्हणून कळवणार. त्यांना हे सांगितलं आणि ऑपरेशनच्या टेबलावरच काही झालं, तर...

२९, सोम.
सांगितलं. चिडतील वाटलं. डब्यातला एक दाणा दाताखाली धरून बघितला.
"काऊन गं असं?"
"माहीत नाही, आई. लक्ष नव्हतं."
मग म्हणाल्या, "तिले बोलाचंच नसन. आपल्यावर सोडलं तिनं. कर म्हणा ऑपरेशन. ती हाये संगं."
त्यांना कसं कळतं, ती संगं आहे? मला कळत नाही. पण त्यांचा हात धरून बसले.

३०, मंगळ.
दवाखाना. यांना आत नेलं. जाताना विचारलं, "घट उगवला का?" सा.बाई म्हणाल्या, "उगवन ना बाप्पा. जा तू."
दार लागलं. हात जोडले, मागायला काही सुचलं नाही.
सकाळी निघताना त्याच मातीत चांगले गहू टाकून आले. कोणाला सांगितलं नाही. पाणी घालायचं काकूंना सांगायचं राहिलं.