शंभर थोरांची यादी

३ तारीख, सोमवार. सकाळी ९
शेवटी माझी पारख झाली! चरित्रकोशाचे बारा खंड आटवून एक करायचाय. तीन हजार थोरांतून शंभर निवडायचं काम संपादकांनी माझ्यावर सोपवलं. वीस तारखेला यादी नसेल तर माझी जागा जाईल, असंही म्हणाले. त्यांची बोलायची पद्धतच तशी आहे.

५ तारीख
थोरपणाचं शास्त्र तयार! एकूण शंभर मार्क. हालअपेष्टा तीस, शत्रू तीस, ग्रंथ तीस, तुरुंगवास दहा. जगात आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

९ तारीख
किरकोळ अडचण. अर्धं जग जिंकणाऱ्या सम्राटाला ३१. आमच्या सासऱ्यांना ६४. (शत्रूंत पैकीच्या पैकी.) हे सांगितल्यापासून बायको बोलत नाही.

१४ तारीख
ऑफिसातल्या टायपिस्ट बाई मला शिकवायला आल्या. म्हणे, कपाटातली ज्यांची माहितीची कार्डं हाताळून हाताळून कडेला काळी पडलीत, तेच मोठे. लोक त्यांनाच शोधत येतात. आधीचे संपादक असंच ठरवायचे. हसलो. मळावरून थोरपण? शिवाय मळ आहेच कुठे? गेल्या आठवड्यात मीच सगळ्या कडा कटरने कापून कार्डं पांढरीशुभ्र केली. हे ऐकून बाई कपाटाकडे धावल्या.

१९ तारीख. दुपारी ४
पास फक्त सतरा. सम्राटाला ग्रेस मार्क दिले, तरी गचकला. काहीतरी सुचू दे रे देवा.

२० तारीख
सतराच दिले. संपादकांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग बाईंना विचारलं. बावीस वर्षं लोकांना कार्डं काढून देतायत त्या. जेवणाच्या सुट्टीआधी शंभर नावं तोंडपाठ सांगून मोकळ्या झाल्या. माझी जागा गेली. समकालीनांनी उपेक्षा केली, याला खरं तर वेगळे मार्क हवेत.

२३ तारीख
खोटं कशाला लिहू? भीती वाटते. दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही. आज न राहवून बायकोला विचारलं, माझ्यावाचून तुझं काय अडतं? बिचारीने बराच विचार केला. शेवटी म्हणाली, वरच्या फळीवरचे डबे तुम्हीच काढून देता ना.
जीव भांड्यात पडला. लगेच उठून स्वयंपाकघरात गेलो.
फळी रिकामी. डबे सगळे खाली, ओट्यावर ओळीने मांडलेले.