तोंड बांधलेला माणूस

प्रिय नाना,

आज दुपारी चार वाजता मला पोलीस चौकीत जबाब द्यायचा आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय तिकडे पाय उचलणार नाहीत, म्हणून लिहायला बसलो. अक्षर वाईट आलं तर रागावू नका. तसं त्यावरून तुम्ही रोजच रागवायचात.

करीमचाचांना धरून नेल्याला आज नऊ दिवस झाले. गल्ली म्हणते, त्यांनीच तुम्हाला जिवे मारलं. गावात दंगल पेटलेली असताना तुम्ही त्यांच्याकडे गेलात कशाला हो? मला ठाऊक आहे कशाला. डाळ मिलमध्ये दोघांनी अख्खी उमर बरोबर काढली. रिटायर झाल्यावरही दोघांच्या बीपीच्या गोळ्या तुम्ही एकाच पिशवीत आणायचात. चाचांच्या गोळ्या संपल्या असतील म्हणून मागच्या बोळातून गुपचूप निघालात. आईलासुद्धा सांगितलं नाहीत! आता तीच पिशवी त्यांच्या घरात सापडली. आत तुमचा चष्मा होता. लोकांना तेवढं पुरलं.

आणि तो नियम? तुमचाच ना तो? दगडफेकीनंतर गल्लीच्या गेटला कुलूप लागलं, तेव्हा मारुतीच्या ओट्यावर बसून तुम्ही आम्हा सगळ्यांना बजावलंत, "तोंड बांधेल माणूसले गेट उघाडानं नई. मी ऊनू तरी बी."

तुम्ही स्वतः आलात तरी नाही! सगळे हसले होते. वैशाखात रुमाल बांधल्याशिवाय तुम्ही पानटपरीपर्यंतही जायचा नाहीत. जळगावच्या उन्हात तसं जातं तरी कोण?

त्या दुपारी दोन ते चार माझा पहारा होता. बाकी गल्ली दारं लावून आत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी माझ्या रिक्षाला टेकून उभा होतो आणि खरं सांगतो नाना, दर दोन मिनिटांनी कुलूप ओढून बघत होतो. तेवढ्यात एक माणूस लोटगाडी ढकलत आला. तोंडाला रुमाल. गाडीवर दुसरा कोणी आडवा, त्याच्या तोंडावर ओलं फडकं.

"गेट उघाड भाऊ," तो म्हणाला. "नाना शे. ऊन लागनं त्याले. तुनी रिक्षा काढ."

मी गाडीवरच्या पायांकडे पाहिलं. चपला तुमच्या होत्या. डावीचा अंगठा मीच मागच्या महिन्यात शिवून आणला होता. चपला ओळखल्या आणि तरी मला काय वाटलं सांगू? वाटलं, यांनी नानांना मारलं आणि त्यांच्या चपला एकाला घालून आता आत शिरताहेत. असं कुणाला वाटतं का हो? मला वाटलं. भीतीनं माणूस इतका मूर्ख होतो.

मग त्यानं रुमाल सोडला. करीमचाचा होते. लहानपणी मला खांद्यावर बसवून मिलमध्ये नेणारे. तेव्हा तरी मी उघडायला हवं होतं ना? पण ते पलीकडच्या गल्लीचे, एवढंच मला दिसलं. मी रिक्षाच्या आड बसलो. कुलपाची आणि रिक्षाची, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या. चाचा उघड्या डोक्यानं उन्हात उभे राहून त्याच रुमालानं तुम्हाला वारा घालत होते. मला हाका मारत होते, नावानं. किती वेळ, ते मला नका विचारू. शेवटी कोपऱ्यावर आरडाओरडा ऐकू आला आणि तेही घाबरून, गाडी तिथेच सोडून निघून गेले.

त्यानंतर मी गेट उघडलं.

रिक्षात तुम्ही एकदाच डोळे उघडलेत. "इतला येळ का लागना रे?" एवढंच म्हणालात. दवाखान्याच्या अलीकडच्या पुलापर्यंतही पोचलो नाही आपण.

दवाखान्यात मी म्हणालो, कुणीतरी यांना गेटपाशी आणून टाकलं. बस, एवढंच. खोटं कुठे बोललो, असं स्वतःलाच समजावलं. बाकीचं गल्लीनं जोडलं. काल ओट्यावर चौघांनी मला बसवून पढवलं, करीमनं नानांना ढकललं, ते तू पाहिलंस असं सांग. मी मान हलवली! त्यांच्यातच राहायचं आहे, त्यांच्याच पोरांना शाळेत सोडायचं आहे. खरं सांगितलं तर ते माझं काय करतील?

पण त्याहून मोठी भीती आईची आहे. ती अजून गेटकडे बघून चाचांना शिव्याशाप देते. ते शाप खरे कुणाच्या वाट्याचे आहेत, हे तिला कोण सांगणार? मीच ना?

नाना, तुम्ही माझ्यावर चिडा, पण ऐका. हे पत्र मिटलं की आधी स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगणार आहे. ती घरातून जा म्हणाली तर जाईन. चार वाजता चौकीत गेट कुणी उघडलं नाही ते सांगेन. आणि भरउन्हात ओट्यासमोरून चालत जाईन, तोंडाला रुमाल न बांधता.

तुमचा,
भरत