मातीत निघालेल्यांची वाट

मी, गासेबाल्वे मोआत्लोडी, राहणार बोबोनोंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. याआधी मायेच्या किंवा रागाच्या भरात मुलाला तोंडी जे जे देऊन टाकलं, ते सगळं या लेखाने रद्द समजावं.

१. राहतं घर आणि सगळ्या शेळ्या माझा मुलगा सेआबेलो याला मिळाव्यात. माझी खाट मात्र त्याने खिडकीपासून हलवू नये. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिथून पतंग आत येतात, तळहाताएवढे, पंखांवर डोळे घेऊन. हल्ली ते खरोखर आले की स्वप्नात, हे मला नीट कळत नाही. पांघरुणावर बसून माझ्याकडे बघत राहतात आणि मला फार बरं वाटतं. त्यांना तोंड नसतं. अळी असताना खाल्लेल्या पाल्यावर ते तीन-चार दिवस जगतात, जोडा शोधतात, पानांवर अंडी घालतात आणि मिटतात. ज्याला काही वाढावं लागत नाही, अशा पाहुण्याला खिडकी बंद करू नये.

२. फाने, म्हणजे याच पतंगांच्या अळ्या, उकडायचं तीन पायांचं लोखंडी भांडं सुनेला द्यावं. तिला अळ्या पिळून पोटातली घाण काढायची किळस येते. वाळवून कांदा-टोमॅटोत परतल्या की ताट घेऊन पहिली तीच बसते.

३. शेताच्या कडेची मोपानीची झाडं. याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडची रीत अशी, की फांदीवरच्या अळ्या वेचाव्यात आणि खोडावरून उतरणाऱ्यांना वाट द्यावी. त्या मातीत शिरून कोष करायला निघालेल्या असतात, पुढचे पतंग त्यांच्यातूनच यायचे असतात. पण उतरणारी अळी गलेलठ्ठ, आणि पोट तिने स्वतःच रिकामं केलेलं, त्यामुळे पिळायचे कष्ट वाचतात. माझी धाकटी बहीण केबोन्ये त्या मोहात पडली. मी अडवलं तर म्हणाली, "अगं अक्का, देवानंच साफ करून हातात दिलंय, मग सोडायचं कशाला?" तिने खोडांवरची एकूण एक अळी वेचून नेली. पुढच्या पावसात खिडकीत एकही पतंग आला नाही. झाडं हिरवीगार, पण अळ्यांच्या खाण्याची ती बारीक सरसर नाही. तशी तीन वर्षं गेली, मग कुठून तरी चुकार पतंग आले. आम्ही बहिणी मात्र त्यानंतर बोललो नाही.

सेआबेलो म्हणतो, "आई, सरपणाचा ट्रकवाला दारात उभाय. झाडं परत फुटतात गं, तू उगाच जीव लावून बसलीस." तो वाईट नाही. त्या वर्षांत तो खाणीवर होता, रिकामी झाडं त्याने पाहिली नाहीत, म्हणून मला त्याची भीती वाटते.

सबब ही झाडं मी केबोन्येला देते. सेआबेलोचा तिळपापड होईल, होऊ दे. वेचणीच्या दिवसांत ती माझ्या कुंपणाबाहेर बसून असते आणि खोडाकडे हात नेणाऱ्या बायकांवर खेकसते, "ए, उतरू दे तिला!" हे मी खाटेवरून बघत आले आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

४. मला त्या झाडांखाली पुरावं, अशी माझी फार इच्छा आहे. पण आधी केबोन्येने हाताने माती उकरून बघावी. बोटांना कोष लागले, तर माती परत लोटावी आणि मला घरामागे पुरावं. त्यांची झोपमोड करून मला झोप लागणार नाही. अळ्या झाडांवर असतील, माती रिकामी असेल, तर मला तिथेच ठेवावं.

केबोन्ये, माती उकरताना माझ्याशी बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही.

सही: गासेबाल्वे मोआत्लोडी

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. साक्षीदार:
ओबुसेंग सेबिना, शेजारी
गालेबोए तिरो, चर्चमधली मैत्रीण

बोबोनोंग, ३ जानेवारी २०१६. अळ्या अजून झाडांवर आहेत.