तीन पडदे, एक मान

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष घातलेला नाही, कागदावरच मान्य करून घ्यावा.) ताईचा गुडघा आणि तुमची झोप कशी आहे? इकडे आमचं बरं चाललंय, असं लिहिण्याची पद्धत आहे.

मागच्या महिन्यात कंपनीने परताव्याच्या बाईंना आणि गोदामवाल्या काकांना घरी बसवलं. त्यांचं काम माझ्या गळ्यात आलं आणि त्यांचे कॉम्प्युटरचे पडदे माझ्या टेबलावर. बाईंच्या पडद्याच्या कोपऱ्याला लेकीचा फोटो चिकटवल्याचा डिंक अजून आहे. तो खरवडायचं माझ्याने होत नाही. माझ्याकडच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी, बाईंचे परतावे, काकांचा माल, सगळ्या खिडक्या एकमेकींवर चढलेल्या. एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणून तुम्ही सुचवलेला, खिडक्या शेजारी शेजारी मांडून देणारा प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. (तुमच्यावर राग नाही. उगाच सांगून ठेवतो.)

पहिल्या प्रोग्रामात नवी खिडकी आली की जुन्यांनी सरकून जागा द्यायची. दुपारपर्यंत तक्रारींची खिडकी काडेपेटीएवढी झाली. (तक्रारी तेवढ्याच राहिल्या.) दुसऱ्यात माउसला शिवायचं नाही, सगळा कारभार कळांवर: आधी कीबोर्डच्या, मग मनगटातल्या. तिसऱ्यात प्रत्येक पडद्याचं बिऱ्हाड वेगळं, एकावर काही हललं तरी शेजाऱ्याला धक्का नाही. तो ठेवला. फक्त साहेबांची मीटिंग उजव्या बिऱ्हाडात गेली आणि कॅमेरा डावीकडेच राहिला, त्यामुळे आठवडाभर साहेबांना माझा नुसता कान दिसला. ("निदान ऐकतोयस तरी," म्हणाले.)

आता तिघांचं काम मी एकटा वेळेत उरकतो. साहेब खूश आहेत. मला मात्र भीती वाटते, दाजी. बाईंचं काम लवकर संपलं की मी तेच पुन्हा उघडून सावकाश तपासत बसतो.

आपला,
मेहुणा

ता. क. प्रोग्राम उत्तम आहे. जरूर घ्यावा.

आणखी एक ता. क. चार पडद्यांवर काम करणाऱ्या अकाउंट्सच्या माणसाला साहेबांनी आज माझ्याकडे शिकायला बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याचे चार आणि माझे तीन मिळून सात होतात, एवढं गणित मलाही येतं. तुमच्याकडे कुठे जागा असेल तर बघा. एक पडदा चालेल, ताईला कळवू नका. त्या अकाउंट्सवाल्याला मुद्दाम चुकीचं शिकवावं, असं मनात येऊन गेलं. पण माणूस भला आहे, आणि फार पटकन शिकतोय.