लाल शाईची नक्कल

आठवा महिना, ९

कोंडलं आम्हाला! दीडशे नक्कलनवीस, एक दालन, आणि फक्त लाल शाई. काळी फक्त परीक्षार्थींची; आमच्याकडे सापडली तर फटके. म्हणून हे लिखाणही लालच.

क्वांग यंदा परीक्षेला बसलाय. दाराशी दिसला. पोट सुटलंय मेल्याचं. बावीस वर्षांपूर्वी यानेच शपथेवर लिहून दिलं — "शूचा आजोबा नाटकात नाचायचा." धडधडीत खोटं! पण नाच्याच्या नातवाला परीक्षा बंद. तेव्हापासून मी इतरांची उत्तरं उतरवतोय.

११

नकला ताडून पाहणारे तेंगकाका नवख्यांना सांगत होते, "नाव का झाकतात? उत्तर दुसऱ्याच्या अक्षरात का उतरवतात? सुभेदाराचा लेक आणि बदकं विकणाऱ्याचा लेक परीक्षकाला सारखेच दिसावेत म्हणून. अरे, ओळखीपाळखीवर कामं होऊ नयेत म्हणून तर कचेऱ्या काढल्या!"

ऐकून अजून छाती भरून येते. एवढ्या चांगल्या गोष्टीच्या दारातून क्वांगने मला हाकललं. हेच डाचतं.

१३

सापडला! नाव झाकलेलं, पण ते डावीकडे कललेलं अक्षर मी मसणातही ओळखीन.

आणि काय करून बसलाय! सिंहासनाचा उल्लेख आला की नवी उभी ओळ, तीही बाकीच्यांहून दोन घरं वरून सुरू — शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा सरळ लिहीत गेला. आधीच्या तपासनिसालाही दिसलं नाही. एवढ्यावर उत्तर बाद, नाव चौकात!

मी फक्त हुबेहूब उतरवायचं. नियम पाळून सूड! हसू आवरेना. तेंगकाका म्हणाले, "काय रे शू, लग्न ठरलं का?"

१४

दिलं उतरवून. हात चालत होता, मनात क्वांगची धिंड निघाली होती. तेंगकाकांनी ताडून पाहायचं, त्यांनी डुलकी घेत शिक्का मारला.

१५

चंद्रोत्सवाच्या पोळ्या वाटल्या. चार खाल्ल्या!

नववा महिना, ५

बाद झालेल्यांची यादी तीनदा वाचली. क्वांग नाही.

१०

क्वांग सातवा! अधिकारी होणार तो! कुणाचे हात ओले केले? तक्रार ठोकली — नक्कल काढा म्हणून.

१२

काढली. सिंहासन नव्या ओळीत, दोन घरं वर. खाडाखोड नाही. अक्षर माझंच. बावीस वर्षांच्या सवयीने हातानेच चूक सुधारली!

साहेब म्हणाले, "समाधान झालं? की मूळ काळी प्रतही मागवू? नकलेत फरक निघाला तर नक्कलनविसाची नोकरी जाते, फटके वेगळे."

"मागवा," म्हणालो.