ओळ झेलणारीची जागा

मी, नंदा यादवराव गजभिये, वय त्रेपन्न, मूळची नागपूरची, हल्ली राहणार बिशान, सिंगापूर, व्यवसायाने ध्वनी-अभियंता, माझ्या मागे काय कोणाचं व्हावं हे स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे. बरोबरीच्या बायका योगासनं शिकत असताना जिने फिनलंडचं वाद्य शिकायला घेतलं, तिने असं म्हणणं धाडसाचं आहे. म्हणून डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात कोणी नाही.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं, की येत्या मंगळवारी माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. सर्जन म्हणाले, जीवाला धोका कमी. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. आवाज जाईल म्हटल्यावर ऑफिसातले काही चेहरे इतके उजळले, की मलाच त्यांचं वाईट वाटलं.

कलम एक. बिशानचा फ्लॅट आणि बँकेत असेल ते माझ्या भावाच्या मुलीला, प्रियदर्शिनीला. हॉलमधली बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर जागची हलवायची नाही, इंटिरियर डिझायनर काहीही म्हणो.

कलम दोन. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी ज्यांच्यावर लिहिलं, त्या सर्वांसाठी माझं एकच वाक्य ठेवते: एकही शब्द मागे घेत नाही. कोजागिरीच्या दुधाबद्दल लिहिलं ते जरा जास्त झालं, एवढं कबूल.

कलम तीन. लूप पेडल, म्हणजे पायाने दाबलं की साठवलेला आवाज पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र, ई-वेस्टच्या डब्यात टाकावं. माझ्यादेखत टाकलं तर उत्तम.

याचं कारण लिहिणं भाग आहे. मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघी करेलियाची, म्हणजे फिनलंड-रशियाच्या सीमेवरची, जुनी गाणी नव्या तऱ्हेने म्हणायचो. चाल तिकडची, शब्द मराठी, आणि मांडीवर पाच तारांचं कांतेले. जुन्या गाण्यात वीज घातली की त्याला समकालीन म्हणतात, म्हणून हे पेडलही. तिथली मूळ रीत साधी आहे. दोघींनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. एकीने ओळ म्हणायची. दुसरीने शेवटचा शब्द झेलून तीच ओळ पुन्हा म्हणायची, तेवढ्यात पहिलीने श्वास घ्यायचा. मी म्हणायचे, "पाणी ओलांडून आली." ती "आली"ला येऊन मिळायची. तिच्यामुळे मला श्वास मिळायचा.

शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे सराव पुलाउ उबीन बेटावर, एका सायकलवाल्याच्या दुकानामागे. दोन हजार एकोणीसच्या कार्यक्रमादिवशी सकाळचा सराव आटोपून दोघी परतलो, आणि तारा जुळवायची चावी मी तिथेच विसरले. चावी आणायला ती बेटावर परत गेली. उबीनची बोट बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी कार्यक्रमाच्या वेळी मी पाचच मिनिटं थांबले, आणि पेडल दाबून सुरुवात केली. तिचा साठवलेला आवाज होता. तो वेळेवर आला.

टाळ्या झाल्या. हेलसिंकीहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, फारच समकालीन. ती दारात चावी घेऊन उभी होती, आपलाच आवाज मला श्वास देताना ऐकत. बाहेर जाताना एवढंच म्हणाली, "जमतंय की गं तुझं."

नंतर कोविड आला. अंतर ठेवायला सरकारनेच सांगितलं. माझी सोय झाली.

कलम चार. कांतेले. हवेतल्या दमटपणामुळे ते कॅमेऱ्यांच्या ड्राय कॅबिनेटमध्ये असतं. सहा वर्षं ते जुळवलेलं नाही. चावी तिच्याकडे आहे. दुसरी मागवता आली असती. मागवली नाही. हे कांतेले तिला द्यावं, असं मी मसुद्यात लिहिलं होतं.

माझे वकील श्रीनिवास यांनी चष्मा वर केला. "तिला म्हणजे कोणाला? नाव, नंदाताई."

"करेलियाच्या विलापगीतांत, जिच्यासाठी रडायचं तिचं नाव घेत नाहीत."

"कोर्टात विलापगीत चालत नाही. आणि त्या तर जिवंत आहेत ना, पुंगोलला?"

"मग साक्षीदार म्हणून बोलावलं तर?"

"तर त्यांना काही देता येणार नाही. ज्याला मिळणार, त्याने साक्ष करायची नाही. शिवाय दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर हवेत. एकीची सही आज, दुसरीची उद्या, असं नाही."

घरी येऊन विचार केला. कांतेले तिच्या नावे केलं, तर ती येणार मी गेल्यावर. साक्षीला बोलावलं, तर यावं लागणार आवाज आहे तोवर. प्रियदर्शिनीला हे सांगितलं तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आत्या, जस्ट कॉल हर लाह! इतका ड्रामा कशाला?" या पोरीला फ्लॅट मिळतोय, अक्कल आधीच मिळालेली दिसते. फोन माझ्याने झाला नाही. मेसेज केला: "शनिवारी चारला सहीला ये. चावी आण." वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.

तेव्हा कलम चार रद्द. कांतेले या कागदाने कोणालाच देत नाही. ती हातात द्यायची वस्तू आहे. देणं झालं नाही, तर उरल्यासुरल्या सामानासोबत प्रियदर्शिनीकडे जाईल. ती ते भिंतीवर शोभेला लावेल. लावू दे.

कलम पाच. माझ्या आवाजात गायलेल्या अकरा गाण्यांचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आहे. दर ओळीनंतर जागा मोकळी आहे. ती कोणत्याही यंत्राने भरू नये.

याखेरीज माझी काही इच्छा नाही, असं लिहायची पद्धत आहे. मी ते लिहीत नाही.

ठिकाण: बिशान, सिंगापूर
दिनांक: शनिवार, १५ मार्च २०२५

लिहून ठेवणार: नंदा यादवराव गजभिये (सही)

साक्षीदार पहिली: अश्लेषा नाईक, शेजारीण (सही)

साक्षीदार दुसरी: मधुवंती देवधर, पुंगोल (सही)

ठरलेली वेळ चारची होती. सह्या चार वाजून पंचवीस मिनिटांनी झाल्या. तोवर कोणी सुरुवात केली नाही.